ठाणे आणि नवी मुंबईतील ऐतिहासिक स्थळे कशी पाहावीत

ठाणे ही उत्तर कोकणातील शिलाहार राजघराण्याची राजधानी होती, तेराव्या शतकातल्या परदेशी प्रवाशांना हे बंदर ठाऊक होते आणि भारतातील पहिली प्रवासी आगगाडी याच गावी येऊन थांबली. तरीही इतिहास पाहण्यासाठी येथे येणाऱ्या माणसाला एखादे भव्य संग्रहालय किंवा माहितीफलकांनी सजवलेला किल्ला सापडत नाही. येथील किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. देऊळ, चर्च, सिनेगॉग आणि अग्यारी यांत रोजची उपासना चालते. खाडीपलीकडे नवी मुंबईत तर नियोजित शहराच्या मधोमध जुनी गावठाणे वसलेली आहेत आणि त्यांतील माणसे आपापल्या कामात आहेत. येथील बहुतेक ऐतिहासिक जागा वापरात असल्यामुळे त्या पाहण्याची रीतही वेगळी ठेवावी लागते. थोडे वाचून निघावे, योग्य वेळ निवडावी, जेथे लागेल तेथे परवानगी मागावी आणि जेथे आत जाता येत नाही तेथे बाहेरून नीट पाहण्याची तयारी ठेवावी.

वाचनासाठी ठाणेकरांजवळ एक उत्तम सोय आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली स्थापन झाले असून स्थानिक इतिहासाची पुस्तके तेथे पाहता येतात. इंग्रजी वाचता येणाऱ्याने १८८२ साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर अवश्य चाळावे. त्याचा एक संपूर्ण खंड केवळ जिल्ह्यातील पाहण्याजोग्या स्थळांना दिलेला आहे आणि तो इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यातील काही मते आज जुनी झाली असली, तरी तेव्हा डोळ्यांसमोर असलेल्या वास्तूंची जी वर्णने आणि मापे त्यात नोंदवली आहेत, त्यांना पर्याय नाही, कारण त्यांतील कितीतरी वास्तू आता उरलेल्या नाहीत.

हंगामाचा विचार करता नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मार्चनंतर खाडीकाठची दमट उष्णता सकाळी दहालाच जाणवू लागते. पावसाळ्यात किल्ल्यांच्या पायऱ्या आणि ढासळलेल्या भिंती शेवाळाने निसरड्या होतात. त्या दिवसांत शहरातील स्थळे पाहावीत आणि किल्ले पुढे ढकलावेत. सणांच्या तारखाही आधी पाहाव्यात. महाशिवरात्रीला कोपिनेश्वर आणि अंबरनाथ या दोन्ही देवळांत भाविकांची मोठी गर्दी असते. त्या दिवशी दर्शनाला जाणे योग्यच, परंतु शिल्पे निरखण्यासाठी तो दिवस निवडू नये.

जुन्या ठाण्याची पायी फेरी

जुने ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला आहे आणि ते पायीच पाहावे. वाहन घेतल्यास येथील रहदारीत वेळ जातो आणि दोन स्थळांमधला दुवा हातून निसटतो. सकाळी सातच्या सुमारास ठाणे स्थानकावर उतरावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची गाडी सुमारे ३४ किलोमीटर अंतर कापून येथे पोहोचली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला. पाण्याच्या मार्गाने वाढलेल्या या गावाचे तोंड तेव्हापासून हळूहळू रुळांकडे वळले. म्हणून ही फेरी स्थानकापासून सुरू करून खाडीजवळ संपवावी, म्हणजे आपण काळात मागे मागे जातो.

स्थानकापासून चालत तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी यावे. कोपिनेश्वराचे देऊळ याच काठावर आहे. या स्थानाची परंपरा शिलाहारकाळापर्यंत नेली जाते, मात्र आजचे देऊळ पेशवाईतील आहे; सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी ते १७६० च्या सुमारास बांधवले. गाभाऱ्यातील शिवलिंग आकाराने इतके मोठे आहे की प्रथमच पाहणारा क्षणभर थबकतो. मुख्य देवळाचे दर्शन घेऊन लगेच बाहेर न पडता आवारातील लहान देवळेही पाहावीत. सकाळी आठच्या आत गेल्यास पुजाऱ्यांना दोन शब्द बोलायला सवड असते, आणि देवळाच्या उत्सवांविषयी त्यांच्याकडून जे कळते ते छापील माहितीत क्वचितच सापडते. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेशीही या देवळाचे घट्ट नाते आहे. त्या दिवशी हा सारा परिसर माणसांनी फुललेला असतो.

तलावाच्या परिसरातच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. पोर्तुगीज काळापासूनचा हा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चशी जोडलेला भाविकांचा समुदाय, ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीचे केंद्र आहे. ठाण्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध मात्र पोर्तुगिजांहूनही जुना आहे. १३२१ साली, म्हणजे वास्को द गामा येण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक येथे मारले गेल्याची नोंद युरोपीय साधनांत आढळते. चर्चमध्ये मिसा, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधी, चालू असताना केवळ पाहण्यासाठी आत जाऊ नये. मिसा संपल्यावर कार्यालयात विचारून आत जावे, पादत्राणे आणि वेश यांबाबत इतरांचे पाहून वागावे, आणि आवारात शाळा असल्यामुळे मुलांची छायाचित्रे घेण्याचे कटाक्षाने टाळावे.

येथून टेंभी नाक्याकडे जाताना अगदी थोड्या अंतरात दोन वेगळ्या धर्मांची स्थळे लागतात. पारशी अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो. ती रस्त्यावरून पाहावी आणि दाराशी रेंगाळू नये. ‘शार हाशामाईम’ हे सिनेगॉग १८७९ सालचे असून त्याच्या नावाचा अर्थ ‘स्वर्गाचे द्वार’ असा आहे. कोकणात अनेक शतके राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या आणि गावांच्या नावांवरून आडनावे घेतलेल्या बेने इस्राएल समाजाचे हे प्रार्थनास्थळ आहे. या समाजातील बरीच कुटुंबे इस्राएलला गेली असली तरी ठाण्यात हा समाज आजही नांदतो आहे. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो. त्या वेळेत आणि ज्यू सणांच्या दिवशी भेटीची अपेक्षा ठेवू नये. इतर दिवशी आधी दूरध्वनी करून परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ बाळगावे आणि आत गेल्यावर डोके झाकावे. सुरक्षेसाठी चौकशी झाल्यास ती मनावर न घेता शांतपणे उत्तरे द्यावीत.

फेरीचा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात तो बांधायला घेतला, परंतु काम पुरे होण्याआधीच १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले. साष्टी बेटाची ही किल्ली हाती आल्यामुळेच पुढे १७३९ मध्ये वसईचा विजय शक्य झाला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला जिंकला आणि नंतर त्याचे कारागृहात रूपांतर केले. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ साली याच किल्ल्यातून निसटले. बाहेर घोडा चोळणाऱ्या एका मोतद्दाराने गाण्यातून त्यांना बेत कळवला, अशी हकीकत सांगितली जाते. आद्य क्रांतिकारकांपैकी राघोजी भांगरे यांना १८४८ साली येथे फाशी दिले गेले. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तिघे तरुण १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फासावर चढले.

हे सारे जेथे घडले तेथे आज सामान्य माणसाला आत जाता येत नाही, आणि ते स्वाभाविक आहे, कारण ते चालू कारागृह आहे. तटाची आणि प्रवेशद्वाराची छायाचित्रे घेऊ नयेत, पहाऱ्यावरील शिपायांशी हुज्जत घालू नये, ड्रोनचा तर विचारही करू नये. मात्र रस्त्यावरून चालत तटाचा विस्तार आणि बुरुजांचे खाडीशी असलेले नाते पाहता येते. त्यासाठी निघण्यापूर्वी एखादा जुना नकाशा किंवा उपग्रहचित्र पाहून ठेवावे. किल्ल्याची आखणी वरून स्पष्ट दिसते आणि जमिनीवरून दिसणारा एकेक तुकडा मग त्या आखणीत बसवता येतो. लहान मुले सोबत असतील तर कान्हेरे यांचे वय त्यांना जरूर सांगावे. फाशीच्या वेळी ते अवघ्या अठरा वर्षांचे होते.

कारागृहाच्याच परिसरात सेंट जेम्स हे अँग्लिकन चर्च आहे. १८२५ साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते त्याचे समर्पण झाले. डेंगळे यांच्या सुटकेची आणि त्या गाण्याची गोष्ट याच हेबर यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली आहे. म्हणून किल्ला आणि हे चर्च एकापाठोपाठ पाहावेत. एवढी फेरी शांतपणे केल्यास साडेतीन ते चार तास लागतात. मध्ये नाश्त्यासाठी थांबण्याची सोय जांभळी नाका आणि नौपाडा भागात भरपूर आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर

शिलाहारांचे ठाणे प्रत्यक्ष ठाण्यात फारसे दिसत नाही. ते पाहायचे असेल तर लोकलने अंबरनाथला जावे लागते, आणि जिल्ह्यात एकच स्थळ पाहण्याइतका वेळ असेल तर तो येथेच खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. स्थानकाच्या पूर्वेकडून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत वालधुनी नदीच्या काठच्या या देवळाजवळ पोहोचता येते. देवळातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हे वर्ष असून शिलाहार राजा मुम्मुणी याचा उल्लेख आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील ही वास्तू आजही पूजेत आहे.

हे देऊळ पाहण्याचा एक क्रम आहे. प्रथम आत न जाता बाहेरून प्रदक्षिणेच्या दिशेने पूर्ण फेरी मारावी. देऊळ भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या मुख्य बाजूंवर खालून वर जाणारे उभे पट्टे असतात आणि त्यांच्या मधल्या जागांत लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळींनी रचलेल्या असतात. येथे शिखराचा वरचा भाग उरलेला नाही, परंतु खालच्या ओळींवरून रचना समजते. त्यानंतर दुसरी फेरी मारावी आणि ती मूर्तींसाठी ठेवावी. भिंत सरळ नसून कोन काढत आतबाहेर जाते, त्यामुळे प्रत्येक कोनावर वेगळी मूर्ती आणि वेगळी सावली मिळते. शिव-पार्वतीचा विवाह, भैरव आणि ब्रह्मदेव यांच्या मूर्ती शोधून पाहाव्यात. देवळाचे तोंड पश्चिमेला असल्याने मागची बाजू सकाळी आणि दर्शनी बाजू दुपारनंतर चांगली उजळते. ज्याला छायाचित्रे घ्यायची आहेत त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवून वेळ ठरवावी. मूर्तींची झीज पुष्कळ झालेली आहे. त्यांना हात लावणे, त्यांवर हळदकुंकू वाहणे किंवा खाचांत नाणी खोचणे यांमुळे ती वाढते.

मग सभामंडपात यावे. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर डोळे सरावण्यासाठी काही मिनिटे स्तब्ध उभे राहावे, कारण खांबांवरील आणि छतावरील कोरीवकाम त्यानंतरच दिसू लागते. मोबाइलचा प्रखर दिवा दर्शनाला आलेल्या लोकांच्या डोळ्यांवर मारू नये. गाभारा मंडपाच्या पातळीपेक्षा खोल असून पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. ओल्या पायऱ्यांवर वृद्ध माणसांना आधार द्यावा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत हातात धरून छायाचित्रे घेण्यास सहसा अडचण येत नाही, पण तिपाईसाठी पूर्वपरवानगी लागते. वालधुनीच्या प्रदूषणाने परिसराची जी अवस्था झाली आहे ती पाहून मन खिन्न होते, तरी तेवढ्यामुळे ही भेट टाळू नये.

घोडबंदरचा किल्ला याच्या तुलनेत थोडक्यात उरकतो. ठाण्यातील ज्या घोडबंदर रोडवर हजारो माणसे रोज प्रवास करतात, तो रस्ता जेथे जातो तेथे उल्हास नदीच्या मुखाजवळ हा पोर्तुगीज किल्ला आहे. अरबी घोड्यांच्या व्यापारामुळे या बंदराला महत्त्व आले आणि १७३७ मध्ये ते मराठ्यांकडे आले. वरच्या गोल बुरुजावरून खाडीचा वसईकडे जाणारा पट्टा दिसतो, आणि उत्तर कोकणातील राजकारण या पाण्याच्या वाटेवर का अवलंबून होते हे त्या एका दृश्याने उमगते. रविवारी रस्त्यावर फार कोंडी होते. शक्यतो सकाळी आठपूर्वी पोहोचावे.

खाडीपलीकडे

नवी मुंबईला इतिहास नाही असे समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ठाण्याहून ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलने निघून बेलापूरला उतरल्यास तो समज दूर होतो. महापालिका मुख्यालयाजवळच्या किल्ले गावठाणात बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या हातांतून जात जात १८१७ साली तो इंग्रजांकडे गेला. पनवेलच्या खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्यासाठी ही टेकडी किती मोक्याची होती, हे वर चढल्यावर दिसते. बांधकाम पुष्कळ ढासळलेले आहे. उरलेल्या बुरुजावर चढू नये, पायांत बूट असावेत आणि एकट्याने जाऊ नये.

तेथून रिक्षाने पारसिक टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या आर्टिस्ट्स व्हिलेजला जावे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात रचलेली ही वसाहत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना जगभर अभ्यासाला असते. सात घरे एका लहान अंगणाभोवती, असे तीन गट मिळून एकवीस घरांचे मोठे अंगण, आणि तीच मांडणी पुढे वाढवत नेलेली, अशी तिची रचना आहे. प्रत्येक घर स्वतंत्र ठेवले होते, जेणेकरून मालकाला गरजेप्रमाणे ते वाढवता यावे. लोकांनी ते इतके वाढवले आहे की मूळ कौलारू घरे आता शोधावी लागतात. अंगणे ही खासगी नसली तरी ती घरांची अंगणे आहेत. आत शिरण्यापूर्वी समोर दिसेल त्या रहिवाशाला नमस्कार करून येण्याचे कारण सांगावे. खिडक्यांतून आत कॅमेरा वळवू नये. दुपारची एक ते चार ही वेळ टाळावी.

कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली आणि १९७० साली ते वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. या नियोजनाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय नवी मुंबईची भेट अपुरी राहते. शहरासाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले, त्या गावांतील आगरी-कोळी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. जासई येथे त्यांचे स्मारक आहे. प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा देण्याची योजना या लढ्याचे फळ आहे. बेलापूरहून उरणच्या दिशेने वाहनाने जासईला जाता येते. स्मारकाजवळ गावातील ज्येष्ठ मंडळी भेटली तर त्यांच्याशी आदराने बोलावे. त्या दिवसांचे साक्षीदार अजून हयात आहेत आणि शहराचा हा इतिहास आज तरी त्यांच्या तोंडूनच ऐकता येतो.

पनवेल तालुक्यातील शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. तेथील स्मारक आणि मुंबई-गोवा महामार्गावरील कर्नाळा किल्ला एका दिवसात पाहता येतात. किल्ला अभयारण्याच्या हद्दीत असल्याने प्रवेशाच्या वेळा पाळाव्या लागतात आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंची नोंद करावी लागते.

ऐरोलीचे सागरी जैवविविधता केंद्र हे इतिहासाचे संग्रहालय नाही, परंतु ज्या खाडीमुळे हे सारे घडले ती खाडी समजून घेण्यासाठी ते पाहावे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. येथून निघणाऱ्या बोटी भरती-ओहोटीच्या वेळेप्रमाणे सुटतात, म्हणून आधी नोंदणी करून वेळ निश्चित करावी आणि बाकीचा दिवस त्याभोवती आखावा. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, साधारणतः नोव्हेंबर ते मे या काळात असतात.

एक व्यावहारिक सूचना विशेष करून तरुण भटक्यांसाठी आहे. ठाणे परिसरात तळ्यांचा गाळ काढताना, पाया खोदताना किंवा शेताच्या बांधावर कोरीव दगड, वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळा) आणि गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळा) आजही आढळतात. असा दगड दिसल्यास तो हलवू नये, धुऊ नये, त्यावर शेंदूर किंवा रंग लावू नये आणि अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू घासू नये. त्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवावी, मोबाइलवरून जागेचे नेमके ठिकाण नोंदवावे आणि ही माहिती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला तसेच तहसीलदार कार्यालयाला लेखी कळवावी. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. दगड मूळ जागी असताना झालेली नोंद अभ्यासकांना जे सांगू शकते, ते दगड उचलून देवळाच्या ओट्यावर नेऊन ठेवल्यावर सांगू शकत नाही.